एकट्याचं खळं

डोक्यावर फेटा, अंगावर शाल, हातात नारळ. कुलथे सर खुटबावच्या शाळेच्या स्टेजवर असे ऐटीत उभे होते, जणू आभाळ यांनीच नांगरलं होतं.

"चंद्राला खळं पडतं ना, तसंच," सर माइकवर म्हणाले. "दूरच्या दीर्घिकेतून गॅमा किरण निघतात. वाटेत त्यांचे इलेक्ट्रॉन होतात. दोन दीर्घिकांमधल्या पोकळीतलं चुंबकीय क्षेत्र त्यांना वळवतं आणि दीर्घिकेभोवती खळं दिसतं. ते खळं मी शोधलं, त्यावरून ते क्षेत्र मोजलं. एकट्यानं!"

टाळ्या पडल्या. सुलक्षणानं वाजवल्या नाहीत. दुर्बिणीच्या आकड्यांत तिनं वर्षानुवर्षं डोळे फोडले, खळं तिनं शोधलं, आणि शोधनिबंध छापताना या माणसानं तिचं नाव खुशाल उडवलं. संताप नुसता. पण घरी ती अवाक्षर बोलली नव्हती. म्हणून तर तिच्या वडिलांनी, पोपटरावांनी, लेकीचा गुरू म्हणून याचाच सत्कार ठेवला होता. वर सरांच्या संस्थेचे संचालकही बोलावले होते.

"आभार तूच मान, बाय," पोपटराव कुजबुजले. "गुरू हायती तुझं."

"मानते की, आबा. चांगले मानते."

ती माइकपुढं गेली.

"सर, मागच्या महिन्यात मी सगळं पुन्हा तपासलं. दुर्बिणीच्या आरशांवर दव होतं, त्याच रात्री खळं दिसतं. कोरड्या रात्री नाही. खळं दवाचं आहे. हे सांगायला फोन केला, तर म्हणालात, तुझा आता या कामाशी संबंध काय?"

संचालकांनी खुर्ची सरांकडं वळवली. "आरसे तपासले नव्हते?"

सरांचा चेहरा उतरला. "अहो, ते काम... आम्ही दोघांनी मिळून केलंय. विचारा हिला. सुलक्षणा, सांग ना!"

"आत्ता गं बया!" बायकांतून धुरपदामावशी म्हणाली. "आताच तर एकट्यानं म्हणत व्हता."

सुलक्षणा हसली. इतक्या दिवसांनी तिला मनापासून हसू आलं.

"दवाच्या रात्री गाळायच्या राहिल्या, ती चूक माझीच, सर. पण तीही तुम्ही एकट्याच्या नावावर करून घेतलीत. त्याबद्दल आभार."

आणि तिनं टाळ्या वाजवायला सुरुवात केली.