हलकं कोटिंग

वडिलांच्या वाढदिवसाच्या मगावर ‘बाबा, तुम्हीच आमचं जग’ कुठल्या रंगात छापायचं, यावरून मुलाने दुकानवाल्या बाईंचं डोकं खाल्लं. वडील बाजूच्या स्टुलावर काठी धरून निमूट बसले होते. बाईंनी फोटो छापलेले नमुन्याचे दोन मग तारेच्या घासणीने खसाखसा घासून दाखवले. हलक्या कोटिंगवरचा फोटो पुसट झाला, चांगल्यावरचा जसाच्या तसा राहिला.

“हलकाच द्या,” मुलगा म्हणाला.

“अहो, रोजच्या धुण्याने महिन्यात चेहरे उडतील.”

“उडू देत. हातात देऊन फोटो काढला, स्टेटसला टाकला की काम झालं. त्यांना कुठं काय दिसतंय?”

बाईंना शिसारी आली. त्याच्या तोंडाकडे बघवेना.

 

स्टुलावरून वडील म्हणाले, “ऐकू येतं रे अजून.”