ओट्यावरची कुजबुज

मोहिनीने फाटक लोटायची खोटी, की ओट्यावरची कुजबुज आजही बंद झाली.

तिच्या सासूबाई, जमनाबाई, शेंगा सोलत होत्या. पाच वर्षांची रंजिता त्यांना अगदी चिकटून बसली होती. आईला पाहताच पोरीने तोंड मिटलं.

"काय चाललं होतं?"

"काही नही व माय. शेंगा सोली ऱ्हायनूत," जमनाबाई म्हणाल्या आणि त्यांनी काहीतरी पदराखाली सरकवलं.

मोहिनी शहाद्याला एका कार्यालयात नोकरीला होती. सारंगखेड्याहून रोज एसटीने ये-जा. मुलांशी रोज साध्या गप्पा मारा, म्हणजे ती मोकळी होतात, असं शाळेतल्या बाईंनी पालकसभेत सांगितलं होतं. मोहिनीने ते फारच मनावर घेतलं. रोज चहा झाला, की ती लेकीला समोर उभी करायची.

"आज शाळेत काय झालं?"

"काही नही."

"'नही' नाही, 'नाही' म्हण. आणि पूर्ण वाक्यात सांग."

रंजिता पायाच्या अंगठ्याकडे बघत राहायची. झाल्या गप्पा!

आणि हीच पोर आजीपाशी तासभर बडबडायची. मोहिनीच्या पोटात दुखायचं. म्हातारी पोरीचे कान भरते, यात तिला आता शंका उरली नव्हती. परवा तर तिने दाराआडून जमनाबाईंच्या तोंडून चक्क 'आहे' ऐकलं. जन्मभर 'आहे'ला अहिराणीतलं 'शे'च म्हणत आलेली बाई! ही आपलीच नक्कल, दुसरी कुणाची असणार? त्यात खुंटीवरचं मोहिनीचं कार्यालयाचं जुनं ओळखपत्र गायब झालं होतं. रंजिताला विचारलं, तर तिने आधी आजीकडे पाहिलं.

रविवारी मोहिनीने नवऱ्याला सांगून टाकलं, "शहाद्याला खोली बघितली आहे. एक तारखेला मी पोरीला घेऊन जाते. आई इथेच राहतील."

"आईले सहन व्हवाव नही," ललित म्हणाला.

"मग पोरीचे कान कशाला भरायचे?"

सोमवारी तिने अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दुपारी ती मागच्या दाराने घरात आली. चपला हातातच होत्या. ओट्याच्या दाराआड उभी राहून तिने फटीतून पाहिलं.

जमनाबाई खाटेवर ताठ बसल्या होत्या. कपाळाला आठ्या होत्या. गळ्यात मोहिनीचं ओळखपत्र लटकत होतं. म्हणजे नक्कलच! मोहिनीचं डोकं तापलं. दार ढकलायला तिने हात पुढे केला.

"आते मी तुन्ही मम्मी शे," जमनाबाई म्हणाल्या. "घाबरू नको. बोल."

रंजिता हात मागे बांधून उभी राहिली. तिने एक मोठा श्वास घेतला.

"मम्मी, मला तुझ्याशी खूप बोलायचं शे."

"'शे' नही व बेटा, 'आहे' म्हन. नही ते मम्मी पुढलं ऐकाव नही."