दोरी एकदाच ओढा

शेवटी मोटरमननी घर सोडलं नाही आणि ट्रामही अडवली नाही. पण हे तुम्ही अजून वाचलेलंच नाही, असं धरून चालू. कारण इंजिनिअरबाई नोटीस घेऊन दारात उभ्या राहिल्या, तेव्हा या दोन्हींपैकी एकच काहीतरी होणार हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

अठ्ठावीस वर्षांनी शहराच्या मधल्या भागात ट्राम परत येत होती. मार्ग जुनाच होता. त्या मार्गावर आता एकच अडथळा होता, निवृत्त मोटरमनचं घर. आणि ट्राम परत आणा म्हणून अठ्ठावीस वर्षं दर महिन्याला अर्ज करणारा शहरातला एकमेव माणूसही हाच.

ट्राम बंद झाली तेव्हा वाहतूक खात्यानं निरोपादाखल त्यांना हे घर दिलं होतं. कागदावर लिहिलं होतं, ‘आहे त्या जागी, आहे त्या स्थितीत.’ जागा मात्र खात्याचीच राहिली होती.

घर लांबट आणि अरुंद. पाहुणे जास्त आले की एकामागे एक बसवावे लागत. भोवती गुडघाभर उंच फुलझाडं. छपरावर एक लांब दांडा होता, त्याला सूनबाई कपडे वाळत घालायची दोरी बांधायची. दाराशी घंटेची दोरी. ती एकदाच ओढायची, दोनदा अजिबात नाही, हा घरचा नियम. दूधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळे तो पाळत. का, ते कुणी विचारलं नव्हतं. म्हाताऱ्या माणसांच्या नियमांना कारण विचारायचं नसतं.

“मी घर सोडणार नाही,” मोटरमन म्हणाले, “आणि ट्राम अडवणार नाही.”

“दोन्ही कसं जमेल, आजोबा?”

“ते माझ्यावर सोडा. चहा घ्या.”

बाईंनी चहा घेतला आणि फाइलीवर शेरा मारला: ‘रहिवासी गोंधळलेले, पण प्रेमळ.’

मग त्या दर आठवड्याला समजूत घालायला येऊ लागल्या. दुसऱ्या आठवड्यात सूनबाईनं शिवणयंत्र थांबवून त्यांच्या कोटाचं लोंबणारं बटण शिवून दिलं. चौथ्या आठवड्यात त्या कोणती समजूत घालायला आलो तेच विसरल्या. मोटरमन त्यांना जुन्या मार्गावरची वळणं तोंडपाठ म्हणून दाखवत. बाईंनी पर्यायी मार्गाचे तीन नकाशे काढून वर पाठवले. तिन्ही परत आले. शेवटी त्यांनी एक सरकारी फ्लॅट दाखवला. सूनबाईला तो आवडला. मोटरमननी एकदा आत डोकावून ‘उगाच रुंद आहे’ असं मत दिलं.

दर शनिवारी मोटरमन तेलाची बुधली घेऊन फुलझाडांत शिरायचे आणि घराला खालून तेल द्यायचे. वाळवी लागू नये म्हणून असेल, असं शेजारी धरून चालले होते.

रूळ घालणारे मजूर दोन्ही बाजूंनी घराच्या भिंतीपर्यंत येऊन ठेपले. मोटरमननी सुतळी लावून मोजलं आणि मुकादमाला सांगितलं, दोन बोटं डावीकडे घ्या. मुकादम हसला, पण नकाशा पाहून त्यानं रूळ दोन बोटं डावीकडे घेतले. वर विजेची तार ओढली, तेव्हा ती जरा खाली असू द्या, अशीही सूचना मोटरमननी केली. सूनबाई चिडली. कपडे मग कुठे वाळत घालायचे?

“आता नाही घालायचे,” म्हणत मोटरमननी दोरी सोडवून दांडा मोकळा केला.

तेव्हा तिला भरून आलं. म्हणजे सासऱ्यांनी मनाची तयारी केली तर. त्याच दुपारी त्यांनी फुलझाडं कुंड्यांत काढली आणि कपबशा फडक्यात गुंडाळून ठेवायला सांगितलं.

“बाबा, कुठे जायचं ठरवलंत?”

“मोठ्या चौकापर्यंत तरी जाऊ. पुढचं पुढे.”

तिनं तोंड फिरवलं आणि शिवणयंत्राला झाकण घातलं. माणूस खचला की असंच काहीबाही बोलतो, हे तिला ठाऊक होतं.

सोमवारी सकाळी दहाला उद्घाटन. मागे चाळीस पावलांवर फुलांनी मढवलेली नवी ट्राम उभी. एका बाजूला पाडकामाचं यंत्र. इंजिनिअरबाईंच्या हातात शेवटचा हुकूम होता. त्या पायरीवर चढल्या आणि त्यांनी नियमाप्रमाणे दोरी एकदा ओढली.

आत मोटरमन घराच्या पुढच्या टोकाला उभे होते. अंगात जुना कोट, बटणं गळ्यापर्यंत लावलेली. हात पितळी दांडीवर, जिच्यावर इतकी वर्षं बाजाराच्या पिशव्या लटकत होत्या. सूनबाईनं दार उघडलं. हुंदका आवरत बाई आत आल्या. हुकूम पुढे करताना आधाराला त्यांनी दारातच हाताला लागलं ते धरलं. ती दोरीच होती.

घंटा दुसऱ्यांदा वाजली.

बारा वाजता वाहतूक खात्याला एक अर्ज मिळाला. तो खिडकीतून टाकलेला होता आणि अक्षर जरा हललेलं होतं.

‘महोदय, आमचं राहतं घर, म्हणजे आपल्याच खात्याची जुनी ट्राम क्रमांक चौदा, आज दहा वाजून सात मिनिटांनी नियमानुसार दोन घंटा झाल्यामुळे सुटलं असून मोठा चौक ओलांडून पुढे जात आहे. आपली नवी ट्राम मागून वेळेवर येत आहे, तिला कुठेही अडवलेलं नाही. इंजिनिअरबाई आमच्याकडेच असून त्यांनी दुसरा चहा घेतला आहे. सासरे थांबायला तयार नाहीत. तरी आमच्या पत्त्यावर येणारी पत्रं पोस्टमननं यापुढे डाव्या दारानं, घराबरोबर धावत येऊन द्यावीत, असे आदेश व्हावेत, ही नम्र विनंती.’