उडीआधी मागे वळून

भिंगरीने पहिल्या उडीची क्लिप लावली आणि पडद्यावर बोट ठेवलं. "इथे बघा. गच्चीच्या कडेला येतो, आणि मागे वळतो."

अख्खा वर्ग पुढे सरकला. मानसशास्त्राचा सेमिनार, आणि विषय काय, तर ॲक्शन हिरोचं अबोध मन. भिंगरी दोनदा नापास झालेली, आता गेली तर वर्ष गेलं. त्यात तपासायला मॅडम. त्यांनी कुणाला पूर्ण मार्क दिल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

पण भिंगरी सुटलीच. म्हणे, हा हिरो पुलावरून काय, हेलिकॉप्टरमधून काय, कुठूनही उडी टाकतो आणि आपण म्हणतो, काय डेअरिंग. डेअरिंग कसली? दहा सिनेमे, अकरा उड्या, आणि दर वेळी तेच वळणं. असं अकरा वेळा कुठला लेखक लिहून देईल? मागे तर कुणी नसतंच.

"बारा," मॅडम म्हणाल्या. "धरणावरची राहिली."

मागच्या बाकांवर खसखस पिकली. मॅडम फॅन निघाल्या की. भिंगरीला आणखी चेव आला.

मॅडमनी विचारलं, यात चेहरा कुठाय, सगळी पाठच तर दिसते. भिंगरी म्हणाली, तेच तर ना मॅडम, चेहरा ॲक्टिंग करतो, पाठ करत नाही. हा माणूस आईशी भांडून घरातून निघालाय.

"अगं, त्याची आई प्रत्येक प्रीमियरला शेजारी बसलेली असते," कुणीतरी टोमणा मारला.

"फोटोतलं काय सांगतोस? त्याला मरायचं नाहीये. आईने 'नको जाऊस' म्हणावं एवढंच हवंय. ती म्हणत नाही, म्हणून पुढची उडी आणखी उंचावरून."

मॅडमनी चित्र तिथेच थांबवायला लावलं. उठून पडद्याच्या इतक्या जवळ गेल्या की ती पाठ त्यांच्याच अंगावर उमटली. मग मार्कांच्या कागदावर काहीतरी खरडलं आणि पर्समधून मोबाइल काढला.

भिंगरीने मान उंचावून पाहिलं. पन्नासपैकी पन्नास.

"माणूस तेवढा चुकला तुझा," नंबर शोधत मॅडम म्हणाल्या. "हिरो तेव्हा खाली खुर्चीत बसलेला असतो गं. उड्या माझा मुलगा मारतो."