दुसरा थर

“हलू नका,” मेकअपवाली म्हणाली आणि अनामिकेच्या टोकाने बाईच्या हनुवटीवरचा करडा चट्टा मिटवत आणला. आधी फाउंडेशनचा पातळ हात. तो मुरू द्यायचा. मग कन्सीलर, फक्त डागावर, थोपटून. उलट केलं की फाउंडेशन ओढताना खालचं सगळं निघून येतं आणि तोंडाची रंगवलेली भिंत होते.

कारखान्याच्या जेवणाच्या खोलीत बायका रांगेने बसल्या होत्या. पाहणीला सरकारी डॉक्टर येणार होता. मॅनेजरने तिला ‘फोटो काढायचेत’ म्हणून बोलावलं होतं. फोटोवाला कुठेच नव्हता. पहिलीचा चट्टा बघून तिला वाटलं, भाजलं असेल. दुसरीलाही तिथेच. तिसरीलाही. पुढे तिने विचार करणं सोडलं. इथे काय बनतं, हेही विचारलं नाही. पोट भरलेल्यांनाच प्रश्न पडतात म्हणे. साफ खोटं. पडतात सगळ्यांनाच. लोक गिळतात.

मोबाइल वाजला. लेक होती.

“आई, येताना कन्सीलर आण. तुझी ती गुलाबी टोपणाची ट्यूब. मला एक थर पुरत नाही आता.”

“अगं, तोंड रंगवतेस की घर?” ती हसली. हनुवटीवरची पुटकुळी झाकायला तिनेच लेकीला ती ट्यूब दिली होती, कॉलेजच्या पहिल्या दिवशी. पोरगी आता रोज लावायची. चांगला हात बसला होता.

पुढची बाई खुर्चीत बसली. तिला सगळ्या भोंगा म्हणायच्या, कारण तिचा आवाज यंत्रांच्या वर जायचा. आज ती हळू बोलली.

“ताई, नीट झाका हं. दिसलं तर कारखाना बंद.”

“आणि नाही दिसलं तर?”

“तर आम्ही बंद. पण सावकाश. पोरांची शाळा उरकेल तोवर.”

बायका खो खो हसल्या. मेकअपवालीही हसली. आणि तिने झाकलं. आयुष्यातलं सगळ्यात सुरेख काम तिने त्या दिवशी केलं.

डॉक्टर आला. रांगेसमोरून चालत गेला. भोंग्यापाशी थांबला. तिचा चेहरा उजेडाकडे वळवायला लावला, वाकून बघितलं. मेकअपवाली भिंतीला टेकून उभी होती. एक शब्द तिच्या जिभेवर आला होता. तोही तिने गिळला.

“काय तुकतुकीत कातडी आहे हो!” डॉक्टर म्हणाला. “उगाच तक्रारी करतात लोक.” आणि चहाला गेला.

मॅनेजर खुशीत आला. “मानलं बुवा तुम्हाला! नाकासमोर होतं, तरी दिसलं नाही त्याला.” त्याने आतलं लोखंडी दार ढकललं. “या, आमचा थोडा माल घेऊन जा. घरच्यांना वाटा.”

आत पट्ट्यावरून ट्यूब सरकत होत्या. शेकडो. सगळ्यांची टोपणं गुलाबी. पलीकडे मोठ्या टाकीत क्रीम घोटलं जात होतं. भोंगा पुन्हा टाकीवर वाकली होती आणि वाफ थेट तिच्या हनुवटीला लागत होती.

मेकअपवालीने मोबाइल काढला. लेकीला फोन लावला.

“बाळा, ती ट्यूब तू कशावर लावतेस? पुटकुळी तर गेली ना?”

“ती कधीच गेली गं. आता तिथे करडा चट्टा उठलाय. पण कुणाला कळत नाही हं, आई. तुलासुद्धा नाही कळलं. आधी फाउंडेशन, मग कन्सीलर. तूच शिकवलंस ना?”