बांगड्या जपणारा हात

रंगरावाची लाथ कुशीत बसली आणि त्याची बायको केवडा चुलीपाशी कोसळली. ओठ फुटला, तोंडात रक्ताची खारट चव आली.

"भाकरी करपवलीस? माजलीस व्हय गं?"

वर्षभर त्याचा उजवा हात वेलावर वाळलेल्या दोडक्यासारखा लोंबत होता. गुऱ्हाळाच्या चरकानं खांद्यातल्या नसा तोडल्या होत्या. त्याच्या स्वतःच्या पेशींतून नव्या नसा उगवेनात, तेव्हा डॉक्टरांनी केवडाच्या कमरेच्या हाडातून मूळपेशी काढल्या, काचेच्या ताटलीत त्यांच्या नसा वाढवल्या आणि त्याच्या खांद्यात रुजवल्या.

"पेशी कोऱ्या असतात," डॉक्टर म्हणाले होते. "त्यांना मागचं काही आठवत नाही."

आज तो हात पहिल्यांदाच पुरता वर उठला, चुलीतलं जळतं लाकूड घेऊन. केवडानं डोळे मिटले, कोपर डोक्यावर घेतलं आणि मनगट पदराखाली मानेमागं दडवलं. मार खाताना बांगडी फुटू नये, नवऱ्याला अपशकुन नको, म्हणून लग्नापासून ती असंच करी.

घाव पडलाच नाही.

तिनं डोळे उघडले. लाकूड जमिनीवर धुमसत होतं. रंगरावाचा उजवा हात त्याच्याच डोक्यावर दुमडला होता आणि बांगडी नसलेलं मनगट मानेमागं दडवून थरथरत होता. डाव्या हातानं रंगराव त्याला ओढत होता, गुद्दे मारत होता.

"सुट! सुट म्हंतो!"

प्रत्येक गुद्द्यासरशी तो हात आणखी आत दडत होता.

केवडा उठली. रंगरावाची डावी मूठ तिनं घट्ट धरली आणि त्या थरथरत्या मनगटावर हलकेच पदर घातला.

"भिऊ नगंस, बाई," ती हाताला म्हणाली. "आता न्हाई मारू द्यायची त्याला."