यंत्र चालू होण्याआधी

"एखादा खोकला तरी सापडेल ना गं?" काकूंनी विचारलं आणि त्या सरळ सरांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. सर गेल्यापासून त्या खुर्चीत बसायची प्रयोगशाळेत कुणाची छाती झाली नव्हती. काकूंना हे ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक असतं तरी आपल्या नवऱ्याच्या खुर्चीसाठी त्यांनी कुणाची परवानगी मागितली नसती.

समोर उभ्या असलेल्या संशोधिकेला सरांनीच हाताला धरून हे काम शिकवलं होतं. जन्मभर त्यांनी पक्ष्यांचे आवाज गोळा केले. तळ्याकाठचं एकच झाड आणि तीच पहाटेची वेळ. कोणता पक्षी कमी झाला, कोणता नव्याने आला, हे ते नुसतं ऐकून सांगत. त्या झाडावर एक काळा पक्षी होता. खारीपासून सायकलच्या घंटीपर्यंत सगळ्यांच्या हुबेहूब नकला करायचा. सरांनी त्याचं नाव नकल्या ठेवलं होतं, आणि तो मोजदादीत घोळ घालतो म्हणून घरी येऊन काकूंकडे त्याच्या तक्रारी सांगत बसायचे. खोलीतली कपाटं असल्या आवाजांनी गच्च भरली होती. त्या एवढ्या ढिगात सरांचा स्वतःचा आवाज मात्र औषधालाही नव्हता.

त्यांची शिस्तच तशी होती. झाडाखाली पोचलं की सर दोनदा दणक्यात खाकरायचे, मग एक लांबलचक 'हंऽऽ' काढायचे आणि घसा मोकळा झाल्यावरच यंत्राचं बटण दाबायचे. "काय खाकरायचं ते आत्ताच खाकरून घ्या," ते विद्यार्थ्यांना बजावत. "एकदा यंत्र चालू झालं की आपण मेलो असं समजायचं."

"फोनवर तरी कुठे धड बोलायचे?" काकू म्हणाल्या. "'हं' आणि 'ठेव', संपलं. माझी काही तक्रार नाही. पण हल्ली ह्यांचा आवाज आठवेनासा झालाय मला. चेहरा दिसतो, आवाज येत नाही. ते खाकरणं तरी मिळालं असतं. त्यावरून मी किती भांडले असेन! घरातून निघतानाही तेच, पहाटे पहाटे सगळं घर जागं व्हायचं."

त्या अगदी शांतपणे बोलत होत्या. नाही म्हणायला संशोधिकेची जीभ रेटेना.

एकच जागा उरली होती. सर गेल्यावर तिने त्या झाडाला नवं यंत्र बांधलं होतं. पहाटे ते आपोआप चालू व्हायचं, आणि त्यातले आवाज संगणक निवडायचा. माणसाचा आवाज वाटला की तो बाजूला काढून 'कचरा' नावाच्या कप्प्यात टाकायचा. कोळ्यांच्या हाका, फिरायला आलेल्यांच्या गप्पा, असलं काहीबाही. तो कप्पा आजवर कुणी उघडून ऐकला नव्हता. त्यात सर कुठून असणार? यंत्रच मुळी त्यांच्या माघारी आलेलं. पण काकूंना नुसतं हात हलवत परत पाठवणं तिला जड जात होतं, म्हणून तिने तो उघडला.

कुणीतरी होडीतून हाक मारली. कुणीतरी हसलं. आणि मग कुणीतरी दोनदा दणक्यात खाकरलं. पाठोपाठ एक लांबलचक 'हंऽऽ'.

काकूंनी तिचा हात घट्ट धरला. "हेच! हेच गं बाई! पुन्हा लाव."

तिने पुन्हा लावलं. काकूंच्या डोळ्यांना धार लागली होती आणि चेहरा हसत होता. संशोधिकेचं मन मात्र थाऱ्यावर नव्हतं. हे यंत्र सरांनी कधी पाहिलंसुद्धा नव्हतं. आणि यंत्र चालू असताना सरांनी खाकरणं तर शक्यच नव्हतं. तिने कान देऊन ऐकलं. 'हंऽऽ' संपता संपता खारीची चिरचिर झाली आणि तिला जोडूनच सायकलची घंटी वाजली. सगळं एकाच गळ्यातून.

गप्प बसता आलं असतं. काकू समाधानाने घरी गेल्या असत्या आणि कुणाचं काही बिघडलं नसतं. पण सरांच्या खुर्चीसमोर उभं राहून खोटं बोलायला तिचं मन धजेना.

"काकू, हे सर नाहीत," ती कशीबशी म्हणाली. "हा नकल्या आहे. बटण दाबायच्या आधी सर रोज खाकरायचे ना, ते यंत्राने कधीच ऐकलं नाही. ह्याने ऐकलं."

काकूंनी तिचा हात सोडला. संशोधिकेला वाटलं, आपण देऊन हिसकावून घेतलं. कशाला तोंड उघडलं आपण? बंद करायचंही तिला सुचलं नाही, आणि आवाज तसाच चालू राहिला.

पुन्हा कुणीतरी खाकरलं. या वेळी बारीक, अर्धवट. मग दुसऱ्या फांदीवरून आणखी एक आलं. त्याचा 'हंऽऽ' मध्येच तुटला. त्याने परत पहिल्यापासून सुरुवात केली.

"आणि हे कोण?" काकूंनी विचारलं.

"पिल्लं असतील. यंदाची. त्याचं ऐकून ऐकून शिकतायत."

काकूंनी डोळे मिटले. खुर्चीच्या पाठीला डोकं टेकून त्या बराच वेळ ऐकत राहिल्या. मग त्यांनी डोळे पुसले आणि त्या मोठ्याने हसल्या.

"ह्यांची एकट्याची सवय मला जन्मभर मोडता आली नाही," त्या म्हणाल्या. "आता अख्ख्या झाडाची कोण मोडणार?"